पहिल्या दिवशी हळू चाला

जपानात टीप देत नाहीत. हॉटेलात जेवून टेबलावर चार नाणी जास्तीची ठेवली तर तिथला पोऱ्या ती मुठीत घेऊन आपल्यामागे धावत येतो, 'साहेब, आपले पैसे राहिले' म्हणून. ही गोष्ट मला आजवर सतरा जणांनी सांगितली आहे. त्यांतले तिघे जपानला खरोखरच जाऊन आलेले आहेत. जपानात टीप देत नसतील, पण जपानला निघालेल्या माणसाला ज्या टिपा मिळतात त्या लिहून ठेवायच्या तर त्याला लेजरच घालावे लागेल. आमचा बेत शाखेत कसा फुटला कोण जाणे, पण फुटल्या दिवसापासून काउंटरच्या आतून आणि बाहेरून सल्ल्यांची सारखी आवक चालू आहे. जावक शून्य.

बिनलेसचे बूट घ्या, कारण देवळात, खानावळीत, मुक्कामाच्या जागी सारखे काढावे लागतात. चिल्लरीला वेगळे पाकीट ठेवा, कारण पाचशे येनपर्यंत सगळी नाणीच. कचऱ्याला पिशवी जवळ बाळगा, कारण रस्त्यात कचरापेटी सापडणार नाही. शाकाहारी असाल तर नुसते 'मासे नकोत' म्हणून भागणार नाही, कारण साध्या दिसणाऱ्या सारातसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. रेल्वेचा पास काढा. दुसरा म्हणतो, मुळीच काढू नका. ह्यात दुसऱ्याची बाजू जरा भक्कम आहे. सात दिवसांचा साधा पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. तेव्हा आपण कुठून कुठे जाणार, त्या तिकिटांची आधी बेरीज करावी आणि मगच पासाचे नाव काढावे. हा माझा स्वतःचा सल्ला आहे आणि बेरजेपुरता माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सगळ्यांत एकमुखी सल्ला मात्र असा की, साकुरा बघायचा तर मार्चअखेरीस जा. मार्चअखेर! चेरीला फुलायला दुसरा मुहूर्त मिळाला नाही? बँकेतल्या माणसाने मार्चअखेर रजा मागणे म्हणजे नवरदेवाने अक्षता पडताना जरा बाहेर जाऊन येतो म्हणण्यासारखे आहे. पुढे कळले की जपानचे सरकारी हिशेबाचे वर्षही आपल्यासारखे ३१ मार्चलाच संपते. म्हणजे बाहेर झाडे गुलाबी झाली आहेत आणि आत माझ्यासारखाच कोणी एक गृहस्थ ताळेबंद जुळवतो आहे, असे तिथेही असणार. ह्या अनोळखी गृहस्थाविषयी मला फार बंधुभाव वाटतो.

ह्या सल्लागारांच्या गर्दीत मला मनापासून पटलेला माणूस एकच निघाला. तो दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे नाव यासुमी रोआन. ह्याने १८१० साली 'र्योको योजिनशू' ह्या नावाचे एक पुस्तक छापले. प्रवासात घ्यायची खबरदारी, असा त्याचा अर्थ. त्यात प्रवाशासाठी मोजून ६१ सूचना आहेत, शिवाय देशभरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची यादी, पिसवांवर उपाय आणि पालखीत बसून मळमळले तर काय करावे ह्याचाही विचार आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर माझ्या हाती आले आणि पहिल्याच पानांवर मी ह्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडलो. कारण त्याचा सल्ला असा : पहिल्या दिवशी हळू चाला. थांबून थांबून पायातली चप्पल नीट बसली आहे की नाही ते पाहा. सुरुवातीच्या दिवसांत पाय सांभाळले तर पुढचा सगळा प्रवास सांभाळला जातो.

दोन दिवसांत टोकियो, तिसऱ्या दिवशी फुजी, चौथ्या दिवशी क्योतो आणि नारा मिळून एकच दिवस, असा तक्ता आमच्या मेहुण्याने करून दिला होता. त्याच्यासमोर मी हे वाक्य मोठ्याने वाचले. "दोनशे वर्षांपूर्वी बुलेट ट्रेन नव्हती," तो म्हणाला. बुलेट ट्रेन होती की नव्हती हा प्रश्न नाही. पाय तेच आहेत.

तेव्हाचा रस्ता म्हणजे तोकाइदो. एदो, म्हणजे आजचे टोकियो, तिथून निघून समुद्राच्या कडेकडेने क्योतोला जायचे. अंतर सुमारे ४९० किलोमीटर, वाटेत ५३ ठाणी. १६०१ पासून तोकुगावांच्या राज्यात ही ठाणी बसवली गेली, आणि सामान्य माणूस साधारण दोन आठवड्यांत हा रस्ता पायी तोडायचा. आज शिनकानसेनने सव्वादोन तास लागतात. गवताच्या चपला वाटेत झिजायच्या, टाकून नव्या घ्यायच्या.

रोआनची सामानाची यादी पाहिली तर सौ.च्या बॅगेची आठवण होते, फक्त उलट्या अर्थाने. सामान कमी घ्या, हे तो बजावून सांगतो. सुई-दोरा, कंगवा, पंखा, आरसा, वही, कंदील, मेणबत्त्या आणि एक दोरी. मुक्कामाला खोलीत दोरी बांधली की सगळ्यांचे सामान तिच्यावर टांगता येते. दोरीचे महत्त्व जाणणारा हा माणूस आपल्याकडे गोरेगावच्या चाळीतही शोभला असता.

आणखी त्याचे म्हणणे असे, की मुक्कामाच्या जागी पोचलात की आधी दिशा विचारून घ्या, मग घराची रचना पाहा, शौचकूप कुठे, पुढचे दार कुठे, मागचे कुठे. रात्री आग लागली, चोर आले, मारामारी झाली तर अंधारात धडपडायला नको. वाटेत भेटलेल्या सोबत्याशी गोड बोला, पण त्याचे औषध घेऊ नका आणि त्याला आपले देऊ नका. दुसऱ्या प्रांतातल्या माणसांची बोली, रीत निराळी असते, तिला हसू नका. देवळांच्या खांबांवर, पुलांवर, झाडांवर नावे लिहू नका. हे वाचल्यावर मला सिंहगडावरचे बाणाने विंधलेले सगळे बदाम आठवले. आणि सोबत पाच-सहा माणसांच्या वर नको. माणसे जास्त झाली की मते जास्त होतात आणि लांबच्या वाटेवर कोणाचे तरी कोणाशी तरी बिनसतेच. दारू पिऊन बेताल होणाऱ्याला तर बरोबर घेऊच नये. ही सूचना मी मेहुण्याला वाचून दाखवली नाही.

आता प्रश्न असा, की एवढ्या सूचना वाचायला मुळात फिरत कोण होते? राजे-सरदार फिरत, ते समजू शकते. १६३५ पासून त्यांना आलटून पालटून एदोत येऊन राहावेच लागे. पण रोआनचे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, कारागीर, दुकानातला कारकून. ह्या लोकांना सरकार फिरू देत नव्हते. शेतकऱ्याने शेतीच करावी, असे राज्यकर्त्यांचे मत होते. गावच्या पाटलाचा किंवा देवळाचा परवाना लागे आणि त्यात कारण लिहावे लागे. सहल, हे कारण चालत नसे. तीर्थयात्रा चाले. औषधी झऱ्यावर आंघोळीला जाणे चाले. सबब सारा जपान अचानक धार्मिक आणि सांधेदुखीने त्रस्त झाला. लोक यात्रेच्या कागदावर निघत, देवाला नमस्कार करत आणि परत येताना क्योतो, ओसाका, नाटके, मिठाई असे सगळे करून येत. रजेच्या अर्जावर 'कारण' ह्या शब्दापुढे आपण काय काय लिहिलेले आहे ते ज्याने त्याने आठवावे.

पण ह्या परवान्यात एक मजकूर असे, तो वाचून माझे हसू मावळले. हा मनुष्य वाटेत आजारी पडला तर त्याची काळजी घ्यावी, आणि मेला तर तुमच्या गावच्या रीतीप्रमाणे त्याचे पुढचे करावे, आम्हांला कळवण्याची आवश्यकता नाही, अशा अर्थाचा. परवाना खिशात असेपर्यंत माणूस हे वाक्य बरोबर घेऊन चालत होता. विमा कंपनीचा माणूस परवा मला प्रवासविम्याची सोळा पाने वाचून दाखवत होता, ती सगळी ह्या एका वाक्याची प्रस्तावना वाटली. चपलेची, आगीची, मागच्या दाराची रोआनला एवढी काळजी का, तेही तेव्हा उमगले.

बायकांचे तर आणखी अवघड. हाकोनेच्या घाटात १६१९ पासून एक नाके होते. एदोतून बाहेर जाणाऱ्या बायकांवर तिथे विशेष नजर. सरदारांची कुटुंबे राजधानीत ओलीस ठेवलेली असत. त्यांतली एखादी बाई वेष पालटून निसटली तर सरदार बंड करायला मोकळा. म्हणून बाईसाठी निराळा परवाना, त्यात तिचे वर्णन, आणि ते जुळते की नाही हे पाहायला नाक्यावर तपासणी करणाऱ्या बायका ठेवलेल्या. केस सोडवून बघायच्या. तरी बायका जात. आडवाटेने डोंगर चढून, नाके चुकवून जात, पकडले तर जबर शिक्षा होती तरी. हे सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि तुम्ही व्हिसाचा फोटो तिसऱ्यांदा काढायला लागला म्हणून दोन दिवस जेवला नव्हता." दोन दिवस हे खरे नाही.

ओई नदीवर मात्र माझ्यातला कारकून रमला. शिमादा आणि कानाया ह्या दोन ठाण्यांमध्ये ही नदी आडवी येते. तिच्यावर सरकारने पूल बांधू दिला नाही आणि होडीही चालू दिली नाही. हमालाच्या खांद्यावर बसून पलीकडे जायचे. आणि ह्याचा दर? पाण्याच्या खोलीप्रमाणे! पाणी मांडीपर्यंत असेल तर ४८ मोन, कमरेला आले की जास्त, छातीला आले की आणखी जास्त, आणि काखेपर्यंत पोचले तर ९४ मोन. आधी कचेरीत जाऊन दिवसाची पातळी बघायची, तिकिटे घ्यायची, मग हमाल. पाटावर बसून जायचे असेल तर चार हमालांची चार तिकिटे आणि पाटाचे वेगळे. इतके सुबक दरपत्रक मी आमच्या बँकेतही पाहिलेले नाही, आणि आमच्याकडे तर ग्राहक खांद्यावर नव्हे, डोक्यावर बसतात. काखेच्याही वर पाणी गेले की नदी बंद. मग दोन्ही काठांवरच्या धर्मशाळा, खानावळी आणि जुगार तेजीत. १८६८ साली ती सलग २८ दिवस बंद राहिली होती. पुढे राज्य बदलले, १८७० मध्ये ही खांद्यावरची वाहतूक बंद झाली आणि हजाराच्या वर हमालांची पोटे एका हुकुमाने रिकामी झाली. त्यांच्यातले काही जण जवळच्या माकिनोहाराच्या माळरानावर जाऊन चहा लावू लागले. आज तो माळ चहासाठी नावाजलेला आहे. काउंटरवर पैसे मोजणारी यंत्रे आली तेव्हा आमच्या हेडकॅशियरांचा चेहरा जसा झाला होता, तो मला इथे दिसला. पण हेडकॅशियरांना माळरान कोण देणार?

मुक्कामाच्या जागांची तक्रार तेव्हाही होती. एकटा फिरस्ता विक्रेता दिसला की काही धर्मशाळा जागा देत नसत, आणि काही इतक्या प्रेमाने देत की त्या प्रेमाचे बिल सकाळी येई. ह्याला कंटाळून ओसाकाच्या एका व्यापाऱ्याने आणि त्याच्या फिरत्या विक्रेत्याने १८०४ मध्ये एक मंडळ काढले. खात्रीच्या धर्मशाळा निवडायच्या, त्यांच्या दारावर मंडळाची पाटी, प्रवाशाकडे मंडळाची खूण. जुगारी नकोत, बाया आणणारे नकोत, पिऊन दंगा करणारे नकोत. पुढे ह्याला 'नानिवा-को' म्हणू लागले. अमक्या ठिकाणी उतरा, तमक्या ठिकाणी उतरू नका, हे एका प्रवाशाने दुसऱ्याला सांगण्याचे काम ह्या पाट्यांनी केले.

आणि कोणी काही सांगितलेच नाही तर काय होते, त्यासाठी जिप्पेन्शा इक्कूचे पुस्तक आहे. १८०२ पासून हप्त्याहप्त्याने निघालेल्या ह्या विनोदी प्रवासकथेत याजी आणि किता नावाची एदोची दोन अवली माणसे तोकाइदोने निघतात. ओदावाराच्या मुक्कामात आंघोळीला लोखंडी कढईसारखे टाके, खाली जाळ. पाण्यावर लाकडी फळी तरंगते, तिच्यावर पाय देऊन ती बुडवत आत उतरायचे असते. ह्यांना ते झाकण वाटते. झाकण बाजूला काढून ठेवतात, पाय भाजतात. विचारायची लाज! मग लाकडी खडावा घालून आत बसतात, आणि किता पाय आपटता आपटता टाक्याचा तळच फोडतो. भरपाई द्यावी लागते. प्रवासातली लाज वाटेतच टाकून यावी, अशी एक जपानी म्हण आहे. ह्या दोघांनी ती ५३ ठाण्यांवर सारखी वाटली. पण टाक्याचे रहस्य विचारायला लाजलेच.

आता पैशाचे. गरीब शेतकऱ्याने महिना-दोन महिन्यांचा खर्च कुठून आणायचा? तर भिशी. अगदी आपली भिशी! तिला तिकडे 'को' म्हणत. गावातली माणसे एकत्र यायची, दरवर्षी थोडी थोडी वर्गणी काढायची आणि चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने सगळ्यांच्या पैशाने इसेला जायचे. इसे हे सूर्यदेवता आमातेरासूचे क्षेत्र, त्यांची पंढरीच म्हणा. एकदा जाऊन आलेल्याचे नाव पुढे बाजूला ठेवीत, म्हणजे दुसऱ्याला संधी. तारण नाही, जामीन नाही, व्याज नाही. आमच्या कर्जविभागाला हे दाखवले तर ते आजारी पडतील.

इसेला 'ओनशी' नावाचे पुजारी असत. त्यांची गावे वाटून घेतलेली, आपल्या त्र्यंबकच्या किंवा काशीच्या उपाध्यांसारखी. दरवर्षी गावोगाव अंगारा-प्रसादासारखे देवाचे कागदी ताईत आणि पंचांग पोचवायचे, आणि यात्रेकरू आला की आपल्या वाड्यात उतरवून घ्यायचा. जन्मभर भरड धान्य खाल्लेल्या शेतकऱ्याला तिथे पानभर मासे आणि रेशमी अंथरूण मिळे. यात्राकंपनी, हॉटेल, देऊळ आणि ठेवीदार गोळा करणारा एजंट, सगळे एकाच खिडकीवर. १८७१ मध्ये सरकारने ही पद्धत मोडली.

ज्यांना भिशी नाही, परवाना नाही, ते पळून जात. दुकानातला पोरगा हिशेबाची वही तशीच टाकून निघे, मोलकरीण केर अर्धा ठेवून निघे. परत येताना हातात इसेचा ताईत असला की मालकाने शिक्षा करू नये, असा रिवाज होता. विनापरवाना गैरहजेरीला इतकी सुंदर सवलत जगात दुसरीकडे असेल असे वाटत नाही. साधारण साठ वर्षांनी तर ह्याची लाटच येई. १७०५, १७७१, १८३०. ह्यांतल्या शेवटच्या लाटेत काही महिन्यांत ४० लाखांहून अधिक माणसे इसेला गेल्याचे सांगतात, आणि तेव्हा देशाची वस्ती होती तीन कोटींच्या आसपास. हातात एक लाकडी पळी घेऊन निघायचे. वाटेतले लोक तीत भात घालत, पैसे टाकत. कुत्रीसुद्धा गेली. खरेच गेली! मालक म्हातारा, आजारी, तर त्याने कुत्र्याच्या गळ्यात पैशांची पिशवी आणि पत्ता बांधून द्यायचा. वाटेतले यात्रेकरू त्याला पुढच्या ठाण्यापर्यंत सोबत करत, खाऊ घालत, काही जण पिशवीत आणखी दोन नाणी टाकत, आणि ते ताईत घेऊन परत येई. हिरोशिगेच्या १८५५ च्या चित्रात इसेजवळच्या मिया नदीच्या उतारावर असा एक कुत्रा आहे.

त्या पिशवीतले पैसे कोणी काढून घेतले नसतील का? घेतलेही असतील. पण कुत्री पोचत होती, त्या अर्थी बहुतेकांनी घेतले नाहीत.

चिठ्ठी ज्याची निघाली नाही, त्याच्याविषयी मला जास्त वाटते. दरवर्षी वर्गणी भरायची आणि दरवर्षी दुसऱ्याला वेशीपर्यंत पोचवायला जायचे. निरोपाला प्रत्येकाने थोडे पैसे द्यायचे. कोणी किती दिले ते निघणारा लिहून ठेवी, आणि येताना त्या प्रत्येकासाठी काहीतरी आणी. जड नको, चालत आणायचे म्हणून पंचांग, कागदी ताईत. आज जपानी माणूस ऑफिसात मिठाईचे खोके आणतो त्याच्या मागे ही वही आहे. वाट कशी होती, नदीला पाणी किती, कुठल्या धर्मशाळेत पिसवा, हेही तो आणी. वर्गणीदारांना तेवढा हिशेब मिळायलाच हवा.

आमच्या सौ.ची मावशी ८२ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे ती जिना उतरत नाही. गेल्या रविवारी भेटायला गेलो तर तिने पदराच्या गाठीतून एकशेएक रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. "जावईबापू, तिथे देव कुठला ते मला ठाऊक नाही. माझ्या नावाने वाहा आणि नमस्कार सांगा."

इसे आमच्या तक्त्यात नव्हते. मेहुण्याने तर स्पष्टच विचारले, "तिथे पाहण्यासारखं काय आहे?" त्याचे म्हणणे तसे बरोबर आहे. तिथले देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत हुबेहूब नवे बांधतात आणि जुने उतरवतात. २०१३ साली बांधले, पुढचे २०३३ साली. आणि जे आहे तेही दिसत नाही. मुख्य मंदिराला एकामागे एक लाकडी कुंपणे आहेत, सामान्य भाविकाने बाहेरच्या दारापाशी, पडद्यासमोर उभे राहून नमस्कार करायचा. फोटोही पायऱ्यांच्या खालूनच. म्हणजे ती ४० लाख माणसे, ती पळून आलेली पोरे, ते कुत्रे, ही सगळी मंडळी एक कुंपण बघायला गेली होती.

पंढरपुराला रांग फार असली की लोक कळसाला हात जोडून परत फिरतात, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. नागोयाहून किन्तेत्सू रेल्वेने इसे दीड तासाच्या आतबाहेर आहे. क्योतो आणि नारा एकाच दिवसात करण्याचा बेत रद्द करून मी तो दिवस इकडे वळवला आहे. मावशींच्या एकशेएक रुपयांची पाच-पाच येनांची नाणी करून घ्यायची आहेत. पाच येनांना तिकडे 'गोएन' म्हणतात आणि ऋणानुबंधालाही 'गोएन'च म्हणतात, म्हणून देवापुढे तेच नाणे टाकण्याची रीत आहे. दरात चढउतार होतो आहे, त्यामुळे नाणी नेमकी किती होतील ते बदलण्याच्या दिवशी कळेल. वरचे सुटे येन उरले तर ते मावशींच्या नावे जमा दाखवून परत आणीन. रजा ५ एप्रिलपासून मिळाली आहे.